खाचरात खाडी शिरली तेव्हा

ऐरोली, नवी मुंबई
१० मे

प्रिय दिनू,

तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. बांधाला खांड पडली, उधाणाचं पाणी खाचरात शिरलं आणि तू निघालास युरियाची पोती आणायला! थांब जरा. खत विरघळून मातीतलं पाणी आणखी दाटच करतं, त्याने खारटपणा कसा जाईल?

पाण्यात उभं असून रोप सुकतं कसं, असं विचारलंस. मुळांमधला रस बाहेरच्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून मूळ पाणी ओढतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार. बाहेरचंच पाणी दाट झालं की ओढ उलटी फिरते. कैरीच्या फोडींना मीठ चोळल्यावर पाणी सुटतं, तसं. शिवाय जे मीठ आत जातं ते पानांत साठतं. आमच्या सोसायटीतल्या बोअरचं पाणी मचूळ आहे. त्यावरच्या जास्वंदीची आधी जुनी पानं टोकाला तपकिरी झाली, मग कडा करपत आत सरकल्या. शेंड्याची पालवी हिरवीगार. माळीबुवा रोग समजून फवारे मारताहेत, मारोत बापडे.

आणि इकडे खाडीत तिवरं मजेत! पानावरून बोट फिरवून चाटलं तर खारट लागतं, कारण जास्तीचं मीठ ती पानांवाटे बाहेर टाकतात. त्यांच्या शेजारचं खाडीतलंच झाड, कांदळ, बरंचसं मीठ मुळाशीच गाळतं. भाताला बिचाऱ्याला यातलं काही जमत नाही.

तेव्हा आधी खांड बुजव, उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, झडप नीट बसतेय का बघ. पाऊस लागला की गोडं पाणी खाचरात तुंबवायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं, पुन्हा पुन्हा. तोवर जमिनीवर पेंढा पसर. उन्हाने ओल वर चढते, उडून जाते आणि मीठ मागे राहतं, तोच तो पांढरा थर. लावणीची घाई नको. भात रुजताना खारं बऱ्यापैकी सोसतो, पण कोवळं रोप आणि फुलोरा फार नाजूक. रोपं घराजवळच्या गोड्या जमिनीत कर, जरा जास्त दिवसांची होऊ देत आणि चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या जुडीत, एखाददुसरं रोप जास्त लाव. बियाणं खाऱ्या जमिनीसाठीचंच घे, पनवेल १, २ किंवा ३. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रातूनच आलेले वाण आहेत ते. जमीन सुधारायला टाकतात त्या जिप्समचं मात्र माती तपासल्याशिवाय मनावर घेऊ नकोस, दुकानदार काहीही सांगो.

वरची वीतभर माती आणि त्याखालची, अशा दोन पिशव्या वेगवेगळ्या भरून ठेव. रविवारी येतोय, तपासायला मीच नेतो. वहिनींना सांग, जेवायला आहे.

तुझा,
सुऱ्या