‘अमेरिकी पैशा’ने सारे उलगडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्राझीलच्या २०२२ च्या जनगणनेतील धर्मविषयक आकडे जाहीर झाल्यापासून लॅटिन अमेरिका आणि आफ्रिकेतील कडव्या ख्रिस्ती पंथांच्या वाढीची चर्चा आपल्याकडेही होऊ लागली आहे. १९७० मध्ये ब्राझीलमधील नव्वद टक्क्यांहून अधिक लोक कॅथलिक होते. ते प्रमाण आता ५६.७ टक्क्यांवर आले असून इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला शब्दशः प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट, मंडळ्यांत (चर्चांत) जाणारे २६.९ टक्के झाले आहेत. त्यांतील बहुतांश पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर, अन्य भाषांत बोलण्यावर आणि प्रार्थनेने बरे करण्यावर भर देणारे आहेत. मात्र या वाढीचे कारण विचारले की बहुतेक जण ‘अमेरिकेचा पैसा’ एवढे म्हणून मोकळे होतात, ते मला पटत नाही. मी दौंड तालुक्यात राहतो आणि या चळवळीचा एक धागा आमच्याच तालुक्यातून गेलेला आहे.

पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये जून १९०५ च्या अखेरीस मुली आणि विधवा तासन्‌तास मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. तेथे काम करणाऱ्या अमेरिकी मिशनरी मिनी अब्राम्स यांनी लिहून ठेवलेली हकिकत अशी, की एका मुलीला रात्री अंगाची आग झाल्यासारखे वाटले. देखरेख करणाऱ्या बाईंना खरोखरच ज्वाळा दिसल्या, त्या पाण्याची बादली घेऊन धावल्या आणि पाणी ओतणार तोच मुलगी पेटलेली नाही हे त्यांच्या लक्षात आले. पुढे काही मुली अन्य भाषांत बोलू लागल्याच्याही नोंदी आहेत. पेंटेकोस्टल पंथाचे उगमस्थान म्हणून सर्रास सांगितल्या जाणाऱ्या लॉस एंजेलिसमधील अझुसा स्ट्रीटच्या सभा १९०६ च्या, म्हणजे यानंतरच्या. अब्राम्सबाईंनी या अनुभवांवर पुस्तिका लिहिली आणि तिची एक प्रत चिलीतील वाल्पाराइसो येथे, मेथडिस्ट या जुन्या प्रोटेस्टंट पंथाचे मिशनरी विलिस हूवर यांच्या पत्नीला, आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला, धाडली. १९०९ मध्ये हूवर यांच्या मंडळीतही रडणे, थरथरणे, दृष्टांत होणे सुरू झाले. मेथडिस्ट वरिष्ठांना ते मानवले नाही आणि अखेर हूवर व त्यांचे अनुयायी बाहेर पडले.

येथे पैशाचा मुद्दा उलटा होतो. बाहेर पडल्यामुळे या मंडळींना अमेरिकी मिशनचा आधार राहिला नाही, आणि त्यानंतरच ती फोफावली. कष्टकऱ्यांच्या वर्गणीवर आणि दशांशावर (चर्चला दिलेल्या कमाईच्या दहाव्या हिश्शावर), गिटार घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या राहून साक्ष देणाऱ्या माणसांच्या बळावर ती वाढत गेली. २००२ च्या जनगणनेत चिलीतील सुमारे १५ टक्के प्रौढांनी स्वतःला इव्हँजेलिकल म्हणवले. तेथील या चळवळीचे राजकारणही तिचे स्वतःचेच होते. राजकारण म्हणजे ऐहिक विटाळ असे शिकवणाऱ्या मंडळ्यांच्याच काही नेत्यांनी डिसेंबर १९७४ मध्ये हुकूमशहा पिनोचेत यांना जाहीर पाठिंबा दिला. 

ब्राझीलमध्ये खेड्यांतून साओ पावलो, रिओकडे लोटलेले लाखो लोक ज्या वस्त्यांत उतरले, तेथे शाळा, दवाखाना, पोलीस यांपैकी काहीच धडपणे पोहोचले नव्हते आणि कॅथलिक धर्मगुरूंची संख्या तर आधीपासूनच तोकडी होती. धर्मगुरू व्हायला वर्षानुवर्षांचे शिक्षण आणि आजन्म ब्रह्मचर्य लागते. पेंटेकोस्टल पाळक मात्र त्याच गल्लीतला गवंडी किंवा ड्रायव्हर असतो, संसारी असतो, आणि रात्री अकरा वाजता दार ठोठावले तरी येतो. मंडळीत आलेल्या नवऱ्याची दारू सुटली की पगार घरी पोहोचतो, हे बायकांना कोणत्याही प्रवचनाविना कळते, आणि म्हणूनच या मंडळ्यांत बायका जास्त दिसतात. बायबलातील प्रत्येक अक्षर खरे मानण्याचा आग्रह आपल्यासारख्यांना खटकतो. ज्याचे बाकी सगळेच डळमळीत आहे, त्याला तोच टेकू वाटतो.

याचा अर्थ जे चालले आहे ते निरुपद्रवी आहे, असा मुळीच नाही. रिओतील एका जुन्या अंत्यविधी-साहित्याच्या दुकानाच्या जागेत १९७७ मध्ये सुरू झालेल्या युनिव्हर्सल चर्चने पुढे अख्खी दूरचित्रवाणी वाहिनी ताब्यात घेतली, आणि १९९५ मध्ये या चर्चच्या एका बिशपने त्याच वाहिनीवर देशाची संरक्षक मानल्या जाणाऱ्या मरियामातेच्या मूर्तीला लाथा मारल्या. आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या कांदोम्ब्ले पंथाला तर या मंडळ्या सरळ सैतानाची पूजा ठरवतात. ब्राझीलमधील साल्वादोर शहरातील कांदोम्ब्ले पुजारीण माय जिल्डा यांचे छायाचित्र १९९९ मध्ये याच चर्चच्या वृत्तपत्राने भोंदूगिरीच्या मथळ्याखाली छापले. त्यांच्या देवस्थानावर हल्ला झाला आणि २१ जानेवारी २००० रोजी त्यांचे निधन झाले. ब्राझीलने तो दिवस २००७ मध्ये धार्मिक असहिष्णुतेविरुद्धच्या लढ्याचा राष्ट्रीय दिन केला. केनियातील शाकाहोलाच्या जंगलात २०२३ मध्ये चारशेहून अधिक मृतदेह उकरून काढावे लागले; उपाशी राहिल्यास येशूची भेट होईल असे तेथील प्रचारकाने अनुयायांना सांगितल्याचा आरोप आहे.

अमेरिकेचा हात कोठेच नाही, असेही मी म्हणत नाही. २००९ मध्ये युगांडाची राजधानी कंपालात समलिंगी संबंधांविरुद्धच्या परिषदेत अमेरिकी प्रचारकांनी भाषणे केली आणि त्याच वर्षी युगांडाच्या संसदेत कठोर विधेयक आले. ‘देवाला द्या, तो दामदुपटीने देईल’ ही शिकवणही तिकडच्या टीव्हीवरूनच पसरली. पण आता नायजेरियातील लागोसमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या रिडीम्ड चर्च या पेंटेकोस्टल चर्चच्या शाखा लंडन आणि टेक्सासमध्ये आहेत. प्रवाहाची दिशा केव्हाच बदलली.

परकीय निधी अडवला की ही लाट ओसरेल, हा तर्क त्यामुळे टिकत नाही. रवांडाने २०१८ मध्ये वेगळा मार्ग धरला: पाळकाला धर्मशास्त्राची पदवी हवी, इमारत सुरक्षित हवी, आवाज बाहेर जाता कामा नये. हजारो प्रार्थनास्थळे बंद झाली. अशा नियमांचा फटका पत्र्याच्या शेडमधल्या मंडळीला आधी बसतो, कारण आवाज रोखणाऱ्या भिंती बांधायला बड्या चर्चपाशी पैसा असतो. पाळकाच्या पदवीपेक्षा दशांशाचे लेखापरीक्षण मला अधिक गरजेचे वाटते, आणि प्रार्थनेने बरे करतो म्हणून कोणी रुग्णाची औषधे बंद करायला लावली व तो दगावला, तर त्या पाळकावर सरळ फौजदारी खटला चालला पाहिजे. मग तो दशांश गोळा करणारा परदेशी असो वा त्याच वस्तीतला.

आपला,
एक वाचक, ता. दौंड, जि. पुणे