दिनविशेषात तारखेसोबत कालगणनाही छापावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२५ डिसेंबरच्या अंकातील ‘दिनविशेष’ सदरात ‘आयझॅक न्यूटन यांचा जन्म (१६४२)’ अशी नोंद वाचली. तारीख चुकीची नाही, पण अपुरी आहे. न्यूटन जन्मले तेव्हा इंग्लंडमध्ये २५ डिसेंबर होता. खाडीपलीकडे फ्रान्समध्ये मात्र त्याच दिवशी ४ जानेवारी १६४३ होता, कारण इंग्लंडमध्ये अजून जुनी (ज्युलियन) कालगणना चालू होती, तर फ्रान्समध्ये नवी (ग्रेगोरियन).

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. ‘गॅलिलिओ गेले त्याच वर्षी न्यूटन जन्मले’ हे वाक्य मी वर्षानुवर्षे वर्गात सांगितले, आणि मुलांना ते फार आवडायचे. निवृत्तीनंतर तारखा पडताळून पाहिल्या. गॅलिलिओंच्या मृत्यूची ८ जानेवारी १६४२ ही तारीख इटलीतली, म्हणजे नव्या कालगणनेची. न्यूटन यांची जुन्या. दोन्ही नव्या गणनेने मांडल्या तर वर्षे येतात १६४२ आणि १६४३. दोन्ही जुन्या गणनेने मांडल्या तर २९ डिसेंबर १६४१ आणि २५ डिसेंबर १६४२. कुठल्याही एका मापाने वर्ष जुळत नाही! हे तेव्हा ठाऊक असते, तर त्या योगायोगाऐवजी मी मुलांना हीच उकल करायला दिली असती.

ज्युलियन वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. हा फरक साचत गेला आणि १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी दहा दिवस वगळले. ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आला. पण सगळे देश एकदम बदलले नाहीत. इंग्लंडने १७५२ मध्ये नवी गणना घेतली, रशियाने १९१८ मध्ये, ग्रीसने तर १९२३ मध्ये. रशियाची ‘ऑक्टोबर क्रांती’ ७ नोव्हेंबरच्या रकान्यात का येते, हा प्रश्न वाचकाला पडतोच. त्याचे उत्तर इतकेच की, तिथे त्या दिवशी २५ ऑक्टोबर होता.

अलीकडच्या घटनांत कालगणना एकच असली तरी घड्याळे वेगळी असतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची शरणागती ८ मे १९४५ च्या रात्री उशिरा अमलात आली, तेव्हा मॉस्कोत मध्यरात्र उलटून गेली होती. म्हणून पश्चिम युरोपात विजयदिन ८ मे, तर रशियात ९ मे. नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पाऊल ठेवले तेव्हा ह्यूस्टनमध्ये २० जुलै १९६९ ची रात्र होती, ग्रिनिचच्या घड्याळात २१ जुलैची पहाट. दोन वृत्तपत्रांत दोन तारखा दिसल्या की वाचक एकाला खोटे ठरवतो, हे मला खटकते.

माझी विनंती छोटी आहे. १५८२ नंतरच्या ज्या नोंदींत घोळ संभवतो, तिथे कंसात ‘जुनी गणना’ किंवा ‘नवी गणना’ एवढे दोन शब्द छापावेत. वेळेमुळे तारीख बदलत असेल तर ठिकाण द्यावे. जागा कमी पडत असेल तर एखादी जन्म-मृत्यूची नोंद गाळली तरी चालेल. नुसत्या नावांची लांबलचक यादी कुणाच्या लक्षात राहत नाही.

या सदराची कात्रणे मी एका वहीत चिकटवून ठेवते. त्यांतल्या शंकास्पद तारखा वेगळ्या काढल्या आहेत. उपयोगी वाटल्यास ती यादी आपल्याकडे पाठवीन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका