मीटर पिशवीत आहे

चि. चिऊ,

दादाबरोबर पिशवी पाठवते आहे. वरच्या डब्यात अळूवड्या, खाली व्होल्टेज मोजायचा मीटर, दहा नंबरचा पाना, तारेचा ब्रश. सोमवारी रात्री गाडी सुरू होईना म्हणून ऑफिसच्या बेसमेंटमध्ये तू पाऊण तास एकटी अडकलेलीस आणि मला ते कळलं बुधवारी, तेही आत्याकडून. फोनवर मी चिडले, तू फोन ठेवलास. तो विषय आता काढत नाही. गाडीचंच लिहिते.

बॅटरी खातो तो इंजिन फिरवणारा स्टार्टर, असं सगळे म्हणतात. हिशेब करून बघ. १५० अँपिअर दोन सेकंद ओढले तरी ०.१ अँपिअर-तासाच्या आतच खर्च होतो. खरा चोर दादाने हौसेने बसवलेला डॅशकॅम. गाडी बंद असतानाही त्याचं रेकॉर्डिंग चालूच. ०.३ अँपिअर धरलास तरी शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, ६० तासांचे १८ अँपिअर-तास गेले. तुझी बॅटरी नवी होती तेव्हा ३५ अँपिअर-तासांची. म्हणून सोमवारी सकाळी कशीबशी सुरू झाली आणि रात्री नुसती टकटक.

आणि भरून काय येतं? कर्वेनगर ते नळस्टॉप, जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटर, त्यातला निम्मा वेळ सिग्नलला. गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असलं की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं जनित्र, कमी देतो, आणि तेवढ्यात एसीचा ब्लोअर, हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर आपापला वाटा उचलतात. त्यात बॅटरी भरत आली की करंट घेण्याचा वेगही मंदावतो. अशी अर्धवट भरलेली आठवडेच्या आठवडे राहिली की आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट धरतो. मग चार्जर लावूनही पूर्वीची ताकद येत नाही.

आधी डॅशकॅमचं पार्किंग रेकॉर्डिंग बंद कर. दादाला राग आला तर येऊ दे. मग गाडी रात्रभर उभी ठेव आणि सकाळी दार उघडझाक न करता, फक्त बॉनेट उचलून मीटर लाव. डीसी २० व्होल्टवर, लाल पिन अधिकला. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ पाऊण, १२.२ निम्मी, १२ ला टेकली तर जवळजवळ रिकामी. स्टार्टर फिरताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी दमली आहे किंवा उपाशी आहे. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवं. नव्या गाड्या मुद्दाम कमी-जास्त करतात, म्हणून लाइट लावूनही एकदा बघ. तरीही १३ च्या खालीच राहिलं तर दोष अल्टरनेटरकडे, बॅटरी बदलून पैसे घालवू नकोस.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घास, कोरडं करून व्हॅसलिन लाव. काढताना काळी वायर आधी, लावताना काळी शेवटी. लालवरचा पाना चुकून बॉडीला टेकला आणि काळी जोडलेली असली की ठिणगी. सहा वर्षांची होतीस तेव्हा टॉर्च धरून उभी राहायचीस आणि दर वेळी विचारायचीस, काळी आधी का. बाबा दर वेळी सांगायचे. टॉर्च मात्र बॅटरीवर कधीच नसायचा, झाडावरच्या मांजरीवर.

बरं, मुद्दा. काकाचा चार्जर दादा शनिवारी आणेल. ३-४ अँपिअरवर रात्रभर लाव. नंतर रविवारी सातच्या आत खडकवासल्यापर्यंत जाऊन ये. नऊनंतर गेलीस तर पुन्हा सिग्नलची तीच कथा. आणि पार्किंगमध्ये नुसतं इंजिन चालू ठेवून बॅटरी भरायला जाऊ नकोस. भरत नाही फारशी, आणि बंद बेसमेंटमध्ये तो धूर जिवावर बेततो. हे तरी ऐक.

पूर्ण भरूनही, डॅशकॅम बंद ठेवूनही, सकाळी १२.४ च्या खाली आली तर बॅटरी संपली असं समज. तीन वर्षं झाली, पुण्याच्या उन्हात तेवढी पुष्कळ. जुनी परत दे, पैसे कमी करतात.

फारच शिकवत बसले. सोमवारी तू स्वतः दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल लावून गाडी काढलीस, हे ऐकून आत्यासमोर मी जरा मिरवले, खोटं कशाला बोलू. पण शेवटचा काळा चिमटा कुठे लावलास? तो बंद पडलेल्या बॅटरीवर नाही, तिच्यापासून लांब इंजिनच्या उघड्या धातूवर लावायचा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी नको. काढताना उलट क्रम. तुझी ऑटोमॅटिक, धक्का मारून सुरू होत नाही, म्हणून केबल डिकीतच राहू दे.

आणि पाऊण तास, चिऊ. दहा मिनिटांत मी दादाला उठवला असता. झोपमोड होईल म्हणून फोन केला नाहीस, असं आत्या म्हणाली. माझी झोप आता रोज साडेअकराला मोडते, त्याचं काय करू? नाही, पुरे.

सोमवारी सकाळी मीटर लावलास की आकडा पाठव. नुसता आकडा पाठवलास तरी चालेल.

तुझी,
आई

ता. क. डबा धुऊन परत दे.