बंदर आहे, माल कुठाय?

कोल्हापूर,
रविवार, सकाळ

प्रिय दत्त्या,

पत्र पोचलं. ‘जयगडला खोल बंदर आहेच, आता कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे झाली की तुमचं कोल्हापूर सुटलं’ हे वाचून हसलो. रागावू नको भावा.

काल शिरोली एमआयडीसीत कंटेनर भरून घेत होतो. लाकडी पॅलेटवर गिअरबॉक्सची कास्टिंग, वर गंज धरू नये म्हणून प्लास्टिक. दार लावलं, सील मारलं, ट्रेलर मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदराच्या वाटेला लागला. आता सांग, तो रिकामा डबा आला कुठून? तिकडूनच. डबा जहाज कंपनीचा, तिचं जहाज जिथं लागतं तिथंच तो मिळणार. जयगडला ठरल्या वारी कंटेनरचं जहाज लागत नसेल तर रुळांवरून मी पाठवू काय? जहाजवाला म्हणणार, आधी माल दाखव. एका मालगाडीला वीस फुटी नव्वद कंटेनर लागतात. आमचे आठवड्याला दोन-तीन. बाकीचे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल फिरून एका दिवशी गोळा करायचे? इथं गणपतीची वर्गणी महिनाभरातही गोळा होत नाही.

बरं, नकाशा बघ. वैभववाडीला उतरलेली गाडी जयगडसाठी परत उत्तरेला शंभरावर किलोमीटर जाणार, तीही कोकण रेल्वेच्या बहुतांशी एकेरी मार्गावरून. आणि उतरणार कशी? करूळ घाट चढताना आपली एसटी कशी धापा टाकायची, आठवतं? बोर घाटात चढ 37ला 1, म्हणजे 37 मीटर पुढं जाताना 1 मीटर वर, तिथं अजून मागनं इंजिनं लावून गाडी ढकलतात. ते टाळायचं तर बोगदे खणा. 2016-17च्या अर्थसंकल्पात मंजूर झालेल्या या 107 किलोमीटरचा अंदाज उगीच तीन हजार कोटींच्या पुढं जात नाही.

तुझ्या शेजारचं मुरगावच घे. इंग्रजांशी झालेल्या 1878च्या तहानंतर पोर्तुगीजांनी इंग्रज कंपनीला व्याजाची हमी देऊन बंदर आणि कॅसलरॉकपर्यंतची रेल्वे बांधवून घेतली. देशावरचा माल हवा तेवढा उतरलाच नाही, हमीचे पैसे मात्र तिजोरीतनं जात राहिले. बंदराला बरकत आली ती फार पुढं, लोहखनिजानं.

म्हणून डब्यांचं सोड. कोक आणि कोळसा वर येणार असेल, साखर खाली जाणार असेल, तर बोलू. ढिगानं हलणारा, घाई नसलेला माल, एका खेपेत हजारो टन. पण साखर बाहेर पाठवायची की नाही हे 2022पासून दिल्ली ठरवते. तिच्या भरवशावर बोगदा कोण खणणार? कारखानदारांनी आधी मालाची लेखी हमी द्यावी, मग कुदळ मारा.

तसा मी रेल्वेच्या विरोधात नाही रे. मिरजेहून 1891ला आलेले रूळ अजून आमच्या स्टेशनातच संपतात. लहानपणी शेवटच्या बफरवर बसून आपण पलीकडं बघायचो. ते बफर उखडलेलं मलाही बघायचंय. पण कोकणात जायला म्हणून, तुझ्या बंदराच्या नावावर नको.

जयगडला जाशील तेव्हा एक काम कर. यार्डात रिकामे कंटेनर किती पडलेत ते मोज आणि कळव. मग भांडू.

काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या