परदेशात फसलेली माणसं हावरट नसतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत परदेशप्रवासातल्या फसवणुकीवर आलेला लेख वाचला. काल दिवसभर पाहुण्यांची जेवणं होती, म्हणून आज लिहिते आहे. लेखकांचं म्हणणं दोन वाक्यांत मावतं. अनोळखी माणसाशी बोलू नका, हे एक. आणि माणूस फसतो तो स्वतःच्या हावेपोटी, हे दुसरं. पहिलं कोणाला पाळता येणार नाही आणि दुसरं खरं नाही. या दुसऱ्या वाक्याने मला रात्री झोप लागली नाही.

तारकर्लीत आमच्या चार खोल्या आहेत, घरगुती जेवण देतो. मे संपला की पाण्यातले खेळ बंद, होड्या वर ओढलेल्या, खोल्या रिकाम्या. फिरायला आम्हाला तेवढेच दिवस मिळतात. म्हणून २०२५ च्या जूनमध्ये वाडीतली आम्ही अकरा माणसं कुडाळहून रेल्वेने मुंबईला आणि तिथून विमानाने थायलंडला गेलो. यजमानांचा आणि माझा जन्मातला पहिला परदेशप्रवास.

बँकॉकला दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी होती. बाकीची मंडळी बाजारात गेली, आम्ही दोघं राजवाडा बघायला निघालो. आतल्या देवळात पाचूचा म्हणतात तो बुद्ध आहे, तो मला बघायचा होता. दहाच्या सुमाराला पांढऱ्या भिंतीच्या कडेने दरवाजा शोधत चाललो होतो, तेव्हा एक माणूस समोर आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. हात जोडून "नमस्ते" म्हणाला. आज सकाळी भिक्षूंची प्रार्थना आहे, परक्या लोकांना दोननंतर सोडतील, असं त्याने मोडक्या इंग्रजीत समजावून सांगितलं. आमच्याच हातातला नकाशा घेतला, खिशातलं बॉलपेन काढलं आणि तीन ठिकाणी गोल केले. उभा बुद्ध, आणखी एक देऊळ आणि एक सरकारी दुकान. दुकानावर त्याने दोनदा गोल फिरवला, ते आता आठवतं. मग हात करून टुकटुक, म्हणजे तिकडची रिक्षा, थांबवली आणि ड्रायव्हरशी त्याच्या भाषेत बोलून आम्हाला सांगितलं, तिन्ही ठिकाणचे मिळून २० बाट. म्हणजे आपले पन्नासेक रुपये. मी यजमानांकडे बघितलं. ते म्हणाले, "अगो, इतक्या अदबीन सांगता, खोटा कित्याक सांगात?"

आता मला सांगा, यात हाव कुठे आहे? आपल्याकडे एसटी स्टँडवर कोणी नवखा उभा दिसला तर आपण विचारतोच ना, कुठे जायचं, कोणाकडे आलात? गाडी चुकली असेल तर दुसरी सांगतो, कधी घरी नेऊन चहाही देतो. त्या माणसाने आमच्याशी तेच केलं. त्याला तोंडावर खोटा म्हणणं आमच्या जिभेवर येणारच नव्हतं.

उभा बुद्ध खरोखर सुंदर आहे, बत्तीस मीटर उंच. तिथे अंगणात एक गृहस्थ भेटले. त्यांनीच विचारलं, कुठून आलात. बोलता बोलता म्हणाले, मुलीच्या लग्नासाठी सरकारी दुकानातून नीलम घेतले, आजचा शेवटचा दिवस आहे, कर लागत नाही. पुढे दुकान. बाहेर ऊन-पावसाचा घामट उकाडा आणि आत थंडगार. बसायला खुर्ची, पाण्याची बाटली, मखमलीचा ट्रे. मुलगी कॅल्क्युलेटरवर आकडा टाकायची आणि आमच्याकडे सरकवायची. आम्ही मान हलवली की पुसून दुसरा टाकायची. माझ्या भाचीचं लग्न ठरलेलं होतं. तिला म्हणून एक अंगठी आणि कानातले घेतले, १६,००० बाटला.

पैसे देताना आणखी एक झालं, ते तुमच्या लेखात कुठेच नाही. कार्ड घातल्यावर मशीनने विचारलं, रुपयांत घेऊ की बाटमध्ये. रुपये आपले ओळखीचे म्हणून मी रुपये दाबले. बँकेच्या दराने बेचाळीस हजारांच्या आसपास बसायला हवे होते, पावती चव्वेचाळीस हजारांच्या वरची आली. रुपये निवडले की दर त्या मशीनवाल्यांचा लागतो, आपल्या बँकेचा लागत नाही, हे मला घरी आल्यावर मुलाने समजावलं. दुकान असो नाहीतर एटीएम, परदेशात नेहमी त्या देशाचं चलन निवडायचं. दोन ओळींची गोष्ट, पण लेखकांना छापावीशी वाटली नाही.

राजवाड्याशी परत आलो तेव्हा चार वाजायला आले होते. दरवाजा बंद. बाजूला पाटी होती : रोज उघडा, साडेआठ ते साडेतीन. रोज. आम्ही सकाळी भिंतीशी उभे होतो तेव्हाही तो उघडाच होता, पन्नास पावलांवर. यजमान त्या पाटीसमोर किती वेळ उभे होते. दुसऱ्या दिवशी पहाटे आमची बस पट्टायाला निघाली. तो बुद्ध मी बघितला नाही, आणि पुन्हा जाणं काही माझ्या हातून होणार नाही.

कुडाळच्या सराफाने भिंग लावून सांगितलं, दगड खरा आहे, पण हलका. सात-आठ हजारांच्या वर कोणी देणार नाही. फसवणुकीची खरी गोम इथे आहे. खोटा दगड असता तर तक्रार करता आली असती. खरा दगड महाग विकला हा गुन्हा कोणापुढे सिद्ध करणार? आणि सरकारी म्हणतात तसलं दागिन्यांचं दुकान थायलंडमध्ये नाहीच, हेही परत आल्यावरच कळलं. टुरिस्ट पोलिसांचा ११५५ हा नंबर आम्हाला पट्टायाच्या हॉटेलातल्या पोऱ्याने दिला, एक दिवस उशिरा. तुमच्या लेखात "पोलिसांची मदत घ्यावी" एवढंच आहे. नंबर द्यायला किती जागा लागली असती?

मी स्वतः पाहुण्यांच्या धंद्यात आहे. मालवण स्टँडवर उतरलेला पाहुणा रिक्षावाल्याने माझ्या दारात आणला तर त्याच्या हातावर काहीतरी ठेवावं लागतं, हे मी पंधरा वर्षं करते आहे. २० बाटमध्ये कोणी इतका वेळ फिरवत नाही, त्याचा वाटा दुकानातून निघतो, हे मला तरी कळायला हवं होतं. नंतर पुष्कळ विचार केला आणि मला एकच गोष्ट उपयोगाची वाटते. अनोळखी माणसाशी जरूर बोलावं, त्याशिवाय परदेशात पाऊल टाकता येत नाही. पण कोण कोणाकडे आलं, ते बघावं. तो आपणहून आला असेल तर नमस्कार करून पुढे चालायचं, तो कितीही सभ्य असो. रस्ता विचारायचा असेल तर आपण दुकानात शिरून आपण निवडलेल्या माणसाला विचारायचा. आणि जागा बंद आहे असं बाहेर कोणीही सांगितलं तरी तिकीट खिडकीपर्यंत आपल्या पायांनी जायचं. आम्ही पन्नास पावलं चाललो असतो तर वाचलो असतो.

माझा पुतण्या देवबागला वॉटर स्पोर्ट्सवर काम करतो. पट्टायाच्या किनाऱ्यावर त्याने जेट स्की घ्यायच्या आधी ती खालून, बाजूने, मालकासकट मोबाइलवर चित्रित करायला सुरुवात केली, कारण जुन्या ओरखड्यांचे पैसे परत आल्यावर मागतात हे त्याला ऐकून माहीत होतं. मालकाने पासपोर्ट ठेवायला मागितला, पोराने नाही म्हटलं. मालकानेच मग स्की द्यायचं नाकारलं. अशा मुलाला लिहायला सांगा, संपादकसाहेब.

जाता जाता : थायलंडला जाण्यापूर्वी ऑनलाइन भरायचा प्रवेशाचा फॉर्म १ मे २०२५ पासून सक्तीचा आहे आणि तो फुकट आहे. आमच्या एजंटाने त्याचे माणशी ७०० रुपये घेतले. फसवणूक विमानात बसायच्या आधीच सुरू होते.

आणि आता ज्यासाठी मुद्दाम लिहिते आहे ते. त्याच पुरवणीत मागच्या पानावर चौकोनी जाहिरात आहे : थायलंडमध्ये कॉम्प्युटरवर काम, अनुभवाची गरज नाही, राहणं-जेवण मोफत, पासपोर्ट घेऊन भेटा. खाली फक्त मोबाइल नंबर. पुढच्या पानावर फसवणुकीबद्दल उपदेश आणि मागच्या पानावर ही जाहिरात, हे तुम्हाला दिसलं नाही? परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते, त्याचा परवाना क्रमांक जाहिरातीत असावा लागतो, आणि तो सरकारच्या ई-मायग्रेट या वेबसाइटवर तपासता येतो. सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. अशाच जाहिरातींवरून गेलेली आपली मुलं बँकॉकला उतरवून सरहद्दीवरच्या नदीपलीकडे म्यानमारमध्ये नेली गेली, लोकांना ऑनलाइन गंडवायच्या कामाला जुंपली गेली. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी ५४९ जणांना परत आणावं लागलं. ही बातमी तुम्हीच छापली होती.

शेजारच्या रापणकराचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याचा, मुलगा ती जाहिरात कापून माझ्याकडे घेऊन आला. काकी, तू जाऊन आलीस ना, म्हणून. त्याने फोनही केला आहे. आधी टुरिस्ट म्हणून जायचं, कामाचे कागद तिकडे गेल्यावर होतील, असं त्याला सांगितलंय. वीस वर्षांचा आहे. बुधवारी पासपोर्टची झेरॉक्स आणि दहा हजार घेऊन सावंतवाडीला जायचं म्हणतो. आजपर्यंत मी त्याला थांबवून धरला आहे. तुमच्या जाहिरात विभागाकडे या माणसाचा परवाना क्रमांक असेल तर तो मंगळवारच्या अंकात छापावा. नसेल तर तसं त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या चौकटीत छापावं, म्हणजे मला ते कात्रण त्याच्या हातात देता येईल.

कळावे,
आपली एक जुनी वाचक
तारकर्ली, ता. मालवण