परतलेल्या मुलाला नावं ठेवू नका

महोदय,

सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत, जायचं म्हटलं तेव्हा आई वाडीत केळीचा घड उतरवत होती. कोयता हातात तसाच. "बाळा, नीट विचार केलास ना?" मी एकुलता एक.

आमच्या वसईत धर्मगुरू होणं मानाचं. पण अर्ध्यातून परतलेल्याकडे लोक अपराध्यासारखं पाहतात. माझा मित्र तिसऱ्या वर्षी परतला, आता चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, मागच्या बाकावर बसतो. पाहून गलबलतं.

सेमिनरीतली वर्षं केवळ तत्त्वज्ञान, ईशज्ञान शिकण्यासाठी नसतात. पाचारण, म्हणजे देवाची हाक, खरं आहे का, हे मुलानं आणि चर्चनं मिळून पारखायचं असतं. माझ्या मित्रानं ते प्रामाणिकपणे पारखलं. जूनमध्ये मी जातोय. निरोपाला तो माझ्या शेजारी, पहिल्या बाकावर हवा.

— एक तरुण वाचक, वसई