ठरावाची खरी कॉपी कुठली?

संपादक साहेब, नमस्कार,

मागच्या महिन्यात आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या मीटिंगला एकाच ठरावाच्या दोन पीडीएफ समोर आल्या, एकीत पार्किंगचे ३०० रुपये, दुसरीत ५००, आणि खरी कुठली ते कोणालाच सांगता येईना, नुसता आरडाओरडा. तेव्हापासून डोक्यात हेच आहे.

यावर उपाय जुना आहे हो. राल्फ मर्कल या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी १९७९ मध्येच हॅश ट्रीची कल्पना मांडली होती. प्रत्येक फाइलचा हॅश काढायचा, म्हणजे संगणकाने फाइलवरून काढलेला छोटा कोड, तिचा अंगठ्याचा ठसाच समजा, एक स्वल्पविराम बदलला तरी अख्खा ठसा बदलतो. मग दोन-दोन ठसे जोडून त्यांचा परत हॅश, असं करत करत वर एकच उरतो, त्याला रूट म्हणतात, आणि शा-२५६ ही हॅश काढायची नेहमीची पद्धत वापरली तर तो फक्त ६४ अक्षरांचा असतो, नोटीस बोर्डावर एका ओळीत मावेल. पुढे कोणी एखादी फाइल दाखवली तर सगळं दप्तर उघडायला नको, त्या फाइलपासून वरपर्यंत परत हॅश काढत जायचं आणि बोर्डावरच्या रूटशी जुळतो का बघायचं, दहा लाख फाइली असल्या तरी साधारण २० हॅशमध्ये तपासणी होते, मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं. बिटकॉइनमध्येही व्यवहार असेच तपासतात.

अर्थात मुळातच चुकीचं लिहिलं असेल तर ते हॅशने सुधारत नाही, नंतर कोणी हात लावला का एवढंच कळतं.

सहकार खात्याने दरवर्षीच्या ऑडिटसोबत सोसायट्यांकडून हा रूट हॅश जमा करून घ्यावा, ही कळकळीची विनंती.

एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई